पाचशे प्रती, नऊ आणे

आम्ही धानोऱ्याहून बोलतो आहोत. एरवी आम्ही बँकेचे कर्ज, हप्ते, शेळीपालन, मोहफुलांचे लाडू यांवर बोलतो. आज पुस्तकांवर बोलायचे आहे, आणि तेही जुन्या, पिवळ्या पडलेल्या, हातात घेतले तर कडा झडतील अशा पुस्तकांवर. कोणी म्हणेल, कामाचे सोडून हे काय काढले? तर आमच्याच हातून एक चूक झाली, तिच्यापासून हे सुरू झाले. ती आधी सांगून टाकतो.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या ग्रामसंघाची खोली बदलली. लोखंडी कपाट जड, उचलता उचलेना. म्हणून आधी ते रिकामे केले. खालच्या कप्प्यात गटांची जुनी रजिस्टरे होती. काहींची पुठ्ठी गेलेली, काहींना वाळवी लागलेली. हिशेब सगळे नव्या वहीत उतरवलेले, लेखापरीक्षण झालेले. मग ही ओझी कशाला वाहायची? दारावर रद्दीवाला आला होता. किलोवर मोजून दिली. आलेल्या पैशात सगळ्यांचा चहा झाला.

पुढच्या बैठकीला एक मावशी आल्या. वय सत्तरीचे. गट सुरू झाला तेव्हापासूनच्या सभासद. त्यांनी कपाटाकडे पाहिले आणि विचारले, "आपलं पयलं रजिस्टर कुठी हाय?" आम्ही सांगितले, रद्दीत दिले. त्या काही वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "माजी पयली सही होती ना वो बाई त्याच्यात."

या मावशी गटात आल्या तेव्हा अंगठा लावत. दुसऱ्या वर्षी गटातच सही शिकल्या. आधी अंगठ्यांची रांग, आणि मग एका महिन्यात, त्याच रकान्यात, वाकडी का होईना, सही. ते पान नव्या वहीत उतरवता येत नाही. बचतीची रक्कम उतरवली, सही कशी उतरवणार?

त्याच दिवशी आमच्यातली एक कॉलेजात जाणारी पोर म्हणाली, "ताई, बाहेरच्या देशात लोक एखाद्या पुस्तकाची पहिली छापलेली प्रत शोधत फिरतात. लाखो रुपये देतात." आम्हाला आधी हसू आले. पुस्तक तेच, गोष्ट तीच, अक्षरे तीच. शंभर रुपयांत नवे मिळत असताना जुन्याला लाखो रुपये कशाला? पण मावशींचा चेहरा डोळ्यांसमोर होता, म्हणून आम्ही नीट माहिती काढली. ती आज सांगतो.

अमेरिकेत हॅरिएट बीचर स्टो नावाची एक बाई होऊन गेली. सात मुलांची आई. तिचे एक तान्हे मूल कॉलऱ्याने गेले होते. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिण भागात काळ्या माणसांची बाजारात खरेदी-विक्री होत असे. आईपासून लेकरू तोडून वेगळे विकत. स्टोबाईंनी त्यावर कादंबरी लिहिली, 'अंकल टॉम्स केबिन'. आधी ती वॉशिंग्टनच्या एका वर्तमानपत्रात १८५१ आणि १८५२ मध्ये क्रमाक्रमाने आली. मग मार्च १८५२ मध्ये बोस्टनच्या जॉन ज्युएट नावाच्या प्रकाशकाने तिचे दोन भागांचे पुस्तक काढले. पहिल्या वर्षातच एकट्या अमेरिकेत तीन लाखांवर प्रती खपल्या. इंग्लंडात तर परवानगी न घेता छापणाऱ्यांनी दहा लाखांहून जास्त खपवल्या.

आता तुम्ही म्हणाल, इतक्या प्रती निघाल्या तर दुर्मिळ कसले? गंमत तिथेच आहे. पहिल्या खेपेला पाच हजारच छापल्या होत्या. त्या संपल्या, मग पुढची खेप, मग त्याच्या पुढची. प्रकाशक जाहिरातीसाठी पुढच्या खेपांच्या पहिल्या पानावर 'दहावे हजार', 'पन्नासावे हजार' असे छापू लागला. जुनी पुस्तके गोळा करणारे नेमकी ती ओळ नसलेली प्रत शोधतात. ओळ नसेल आणि बाकीच्या खुणा जुळल्या, तर ती सुरुवातीची.

आणि तशी प्रत धडधाकट मिळणे कठीण. कारण ती पुस्तके वाचली गेली. शेजारणीने नेली, तिच्याकडून तिच्या बहिणीने नेली, चुलीजवळ बसून कोणी मोठ्याने वाचली, लेकरांनी पाने फाडली. जे पुस्तक लोकांना फार आवडते ते लोकांच्या हातांनीच झिजते. आपल्याकडची पंचांगे, व्रतांच्या पोथ्या, पाढ्यांची पुस्तके आठवा. घरोघरी होती. पण शंभर वर्षांपूर्वीचे पाढ्यांचे पुस्तक कोणाच्या घरात आहे का, पाहा बरे.

दुसरेही एक मरण आहे पुस्तकाचे. कोणाला आवडलेच नाही, किंवा आवडू दिलेच नाही, म्हणून कोणी ठेवले नाही. अमेरिकेची गोष्ट सांगितली ती इथवर यायला. आपल्या विदर्भातच या दुसऱ्या मरणातून थोडक्यात वाचलेले एक पुस्तक आहे.

आपला जिल्हा विदर्भाच्या उगवतीच्या टोकाला. बुलढाणा मावळतीच्या टोकाला. तिथे १८५० मध्ये ताराबाई शिंदे जन्मल्या. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि सत्यशोधक विचारांचे होते. त्या काळात मुलीला शाळेत घालायची सोय नव्हती, तर त्यांनी लेकीला घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवले. चार भावांत एकच बहीण. लग्न झाले, नवरा घरजावई म्हणून राहिला. मूलबाळ झाले नाही. घोड्यावर बसणाऱ्या, शेतीभाती पाहणाऱ्या बाई म्हणून त्यांची आठवण सांगतात.

१८८१ मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर खटला झाला. विधवेला दिवस गेले, बाळ झाले, आणि लोकलाजेने तिने ते मारले असा आरोप. तिला फाशीची शिक्षा झाली. अपिलात फाशी टळून काळ्या पाण्याची शिक्षा ठरली. ज्याच्यापासून बाळ झाले त्या पुरुषाला काय झाले? त्याची चर्चाच नाही. 'पुणे वैभव' नावाच्या जुन्या वळणाच्या पत्राने या निमित्ताने सगळ्या बायकांच्याच चालचलणुकीवर तोंडसुख घेतले. ते बुलढाण्यात ताराबाईंच्या वाचनात आले, आणि त्या लिहायला बसल्या.

पुस्तकाचे नावच 'स्त्रीपुरुष तुलना'. तराजूत एका पारड्यात बाई, दुसऱ्या पारड्यात पुरुष. बायकांवर जे जे दोष लादले जातात, ते ते एकेक उचलून त्यांनी विचारले की हा दोष पुरुषात नाही का? मग शिक्षा एकीलाच का? बायको मेली की महिन्याभरात पुरुषाने दुसरी आणायची, आणि नवरा मेला की बाईने केस काढून अंधारात बसायचे, हा कोणता न्याय? भाषा अशी की समोर बसून बोलताहेत. कुठे चिडतात, कुठे टोमणा मारतात, कुठे डोळ्यांत पाणी आणतात. आमच्या बैठकीत आम्ही यातली काही पाने वाचली तेव्हा एक सून चटकन म्हणाली, ही बाई आमच्या गल्लीतलीच दिसते.

हे पुस्तक १८८२ मध्ये पुण्यात श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. प्रती पाचशे. किंमत नऊ आणे. आणा म्हणजे रुपयाचा सोळावा भाग, हे आता आमच्या पिढीलाही सांगावे लागते. नऊ आणे म्हणजे अर्ध्या रुपयाहून थोडे जास्त. आणि लक्षात ठेवायला सोपी खूण सांगतो. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९८२ मध्ये, चंद्रपुरातून आपला गडचिरोली जिल्हा वेगळा झाला.

पुस्तक निघाल्यावर त्याच्यावर टीकेची झोड उठली. बाईने पुरुषांना जाब विचारावा हेच पचले नाही. पण जोतीराव फुल्यांनी ताराबाईंची बाजू घेतली. १८८५ मध्ये त्यांनी 'सत्सार' नावाचे छोटे नियतकालिक काढले. त्याच्या दुसऱ्या अंकात ताराबाईंच्या पुस्तकाचा उल्लेख आहे, आणि फुले त्यांना चिरंजीविनी म्हणतात, म्हणजे लेकच मानतात. पण ताराबाईंचे पुढे दुसरे पुस्तक निघाले नाही. आणि या एका पुस्तकाची दुसरी आवृत्तीही तेव्हा निघाली नाही.

पाचशे प्रतींचे काय झाले असेल? एखाद्या घरात पुरुषाने पाहून फेकली असेल. एखादीने कणगीमागे लपवली असेल आणि तिच्या माघारी सुनेने काय कागद म्हणून चुलीत घातली असेल. काही पावसाने, काही वाळवीने खाल्ल्या. हे सगळे आमच्या मनातले तर्क आहेत. घडले एवढे खरे की पुस्तक लोकांच्या डोळ्यांआड गेले आणि ताराबाईंचे नावही गेले. फुल्यांच्या लिखाणात उल्लेख राहिला, पण ज्याचा उल्लेख आहे ते पुस्तक वाचणारी माणसे नव्हती.

मग १९७५ उजाडले. संयुक्त राष्ट्रांनी ते साल जगभर महिला वर्ष म्हणून जाहीर केले होते. त्या वर्षी स. गं. मालशे नावाच्या अभ्यासकांनी 'स्त्रीपुरुष तुलना' पुन्हा लोकांपुढे आणले. मालशे मराठीचे प्राध्यापक, जुन्या ग्रंथांचे शोधक. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने ते छापले. मध्ये गेली ९३ वर्षे. विचार करा बायांनो, लेक जन्मली, आजी झाली, पणजी होऊन गेली, एवढा काळ ते पुस्तक कुठल्या तरी फळीवर पडून होते. आज त्याच्या कितीतरी आवृत्त्या आहेत. विद्यापीठांत शिकवतात. १९९४ मध्ये रोझालिंड ओहॅनलन या बाईंनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले. हे सगळे त्या उरलेल्या प्रतीच्या जोरावर. ती गेली असती तर आज आपण फक्त एवढेच म्हटले असते की ताराबाई नावाच्या कोणी बाईने म्हणे काही लिहिले होते.

साळूबाई तांबवेकर यांच्याबाबत जवळपास असेच झाले आहे. १८७३ मध्ये त्यांचे 'चंद्रप्रभाविरहवर्णन' निघाले. मराठी बाईने लिहिलेली पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव घेतात. नाव घेतात, पण वाचलेली माणसे कितीशी भेटतात? उलट मुक्ता साळवेचे पाहा. फुल्यांच्या शाळेत शिकणारी मांग समाजाची मुलगी, चौदा वर्षांची. तिने आपल्या लोकांच्या दुःखावर निबंध लिहिला. तो १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या मिशनऱ्यांच्या पत्रात छापून आला. त्या पत्राचे जुने अंक बांधून ठेवलेले होते म्हणून मुक्ताचा निबंध आज आपल्या हाती आहे. पोरीचे नशीब नव्हे, अंक बांधणाऱ्या कोणा माणसाची शिस्त.

मराठीतली पहिली कादंबरी कोणती म्हणाल, तर बहुतेक जण 'यमुनापर्यटन' सांगतात. बाबा पदमनजींनी लिहिली, १८५७ मध्ये निघाली. म्हणजे उठावाचे साल. विषय पुन्हा तोच, विधवांचे हाल. यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते आणि ठिकठिकाणी तिला विधवा भेटतात, त्यांची कहाणी ऐकू येते. आपल्या भाषेतली पहिली कादंबरीच बायांच्या दुःखावर आहे, हे आम्हाला शाळेत कोणी सांगितले नव्हते. पदमनजी ख्रिस्ती झाले होते, पुस्तकात धर्माचा प्रचारही आहे, तो ज्याने त्याने आपल्या समजुतीने वाचावा. पण दीडशे वर्षांपूर्वीच्या घरात बाईला कसे वागवत हे त्यात पानोपानी दिसते.

अमेरिकेचा आणि आपला धागा इथे जुळतो तोही सांगतो. स्टोबाईंच्या कादंबरीनंतर दहा-बारा वर्षांत अमेरिकेत मोठे युद्ध होऊन गुलामगिरी बंद झाली. १८७३ मध्ये जोतीरावांनी आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक काढले, ते अमेरिकेतल्या ज्या भल्या लोकांनी गुलामांच्या सुटकेसाठी झीज सोसली त्यांना अर्पण केले. तिकडे बोस्टन, इकडे पुणे. ना फोन, ना रेडिओ. कागदावर छापलेले बोटीतून यायचे आणि माणसे वाचायची.

आता असा प्रश्न की जुनी पुस्तके टिकली ती कोणी टिकवली? थोडे सरकारने, थोडे संस्थांनी आणि बरेचसे वेड्या माणसांनी.

सरकारचे असे की १८६७ मध्ये इंग्रजांनी एक कायदा केला. छापखान्याने प्रत्येक नव्या पुस्तकाच्या प्रती सरकारात जमा करायच्या. आणि सरकारने दर तीन महिन्यांनी यादी काढायची. त्या यादीत पुस्तकाचे नाव, लिहिणाऱ्याचे नाव, छापखाना, पाने किती, आवृत्ती कितवी, प्रती किती, किंमत काय, शिळाछापावर की खिळ्यांवर छापले, सगळे. हेतू काही पुण्याचा नव्हता. लोक काय छापतात यावर डोळा ठेवायचा होता. पण पाळतीसाठी लिहिलेली यादी आज आपल्याला उपयोगी पडते, ही त्यातली मजा. आपल्या गटाच्या रजिस्टरात तरी वेगळे काय असते? हजर किती, बचत किती, कर्ज कोणाला. लिहिताना कंटाळा येतो खरा.

संस्थांमध्ये ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबईचे १८९८ चे. आणि वेड्या माणसांमध्ये पहिले नाव शंकर गणेश दाते यांचे. त्यांनी १८०० पासून १९५० पर्यंत छापलेल्या मराठी पुस्तकांची सूची दोन जाड खंडांत तयार केली. त्यासाठी वर्षानुवर्षे ग्रंथालयांची कपाटे उपसली. आज कोणालाही जुने मराठी पुस्तक कोणत्या साली निघाले ते पाहायचे तर दात्यांची सूची उघडावी लागते. आता तर राज्य मराठी विकास संस्थेने बरीच दुर्मिळ पुस्तके संगणकावर आणली आहेत. मोबाईलवर वाचता येतात. आमच्या पोरींनी आम्हाला उघडून दाखवली.

आमचे एक मत मात्र इथे सांगतोच, कोणाला पटो न पटो. पैशासाठी पहिली प्रत घेऊन तिजोरीत कुलूप घालणाऱ्याचे आम्हाला काही कौतुक नाही. मालशे मास्तरांना ती प्रत मिळाली आणि त्यांनी ती छापून सगळ्यांना दिली, म्हणून ते मोठे. आणखी एक. कपाटाची किल्ली ज्याच्याकडे, तो ठरवतो काय ठेवायचे आणि काय रद्दीत द्यायचे. पिढ्यान् पिढ्या किल्ल्या पुरुषांकडे होत्या. त्यामुळे जमाखर्च, वंशावळी, दस्त टिकले. आणि बाईची ओव्यांची वही, बाईने लिहिलेली पाककृतींची वही भाजीच्या पुड्या बांधायला गेली. पण आमच्या कपाटाची किल्ली आमच्याचकडे होती, आणि आम्हीही तेच केले. त्याचेच वाईट वाटते.

आपल्या भागातल्या बायांना जुन्या कागदाची किंमत खरे तर वेगळी सांगायला नको. आपल्याच तालुक्यात मेंढा लेखा गाव आहे. २००६ मध्ये वनहक्क कायदा झाला आणि २००९ मध्ये मेंढ्याला जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. गावोगावी दावे भरताना काय काय शोधावे लागले ते तुमच्यापैकी कित्येकींनी पाहिले आहे. जुने निस्तार पत्रक, जुने नकाशे, गॅझेट, जनगणनेचे कागद. कायद्याच्या नियमांत वडीलधाऱ्यांचे म्हणणे लिहून घेतले तर तेही पुरावा धरले आहे. घरातल्या म्हातारीला आठवते म्हणून हक्क सांगता येतो, ही गोष्ट लहान नाही. पण म्हातारी किती दिवस पुरणार? आमच्या कितीतरी बाया गोंडी बोलतात, रेला गातात. ती गाणी कधी छापलीच गेली नाहीत, तर त्यांची पहिली आवृत्ती म्हणजे आज गाणारी आजीच.

रजिस्टर गेल्यावर आम्ही एक काम सुरू केले. ग्रामसंघात एक पत्र्याची पेटी ठेवली आणि बायांना सांगितले, घरात जुने छापील काही असेल, तर रद्दीत देण्याआधी आम्हाला दाखवा. आम्हाला वाटले काही येणार नाही. पहिल्या महिन्यातच पेटीत अकरा वस्तू आल्या. दोन पोथ्या, एक शिवणकामाचे पुस्तक, तीन जुनी पंचांगे, झाडीपट्टीतल्या नाटकांच्या जाहिरातींचे कागद, शाळेची पुस्तके आणि एका बाईच्या सासूबाईंची गाण्यांची वही.

मग प्रश्न आला, यातले जुने किती जुने? पहिले पान बहुतेकांचे फाटलेले. तेव्हा आम्ही जे शिकलो ते तुम्हालाही उपयोगी पडेल. शक लिहिलेला असेल तर त्यात ७८ मिळवा. शके १८०४ म्हणजे १८८२, एखाद्या वर्षाचा फरक पडेल तेवढाच. किंमत आण्यात असेल तर पुस्तक बहुधा १९५७ च्या आधीचे, कारण त्या वर्षी एप्रिलपासून रुपयाचे शंभर पैसे झाले. 'न. पै.' म्हणजे नवे पैसे असे छापले असेल तर ते १९५७ ते १९६४ मधले समजा. १९६४ मध्ये 'नवे' हा शब्द काढून टाकला. आणि शब्दांवर टिंबेच टिंबे दिसली, 'नाहीं', 'कांहीं', 'घरांत' अशी, तर लिखाण बहुतेक १९६२ च्या आधीच्या वळणाचे. त्या वर्षी मराठीच्या लेखनाचे नवे नियम आले आणि ती टिंबे गेली. 'आवृत्ती दुसरी' आणि 'पुनर्मुद्रण' यांत फरक असतो. आवृत्ती म्हणजे काही बदलले, पुनर्मुद्रण म्हणजे आहे तसेच पुन्हा छापले. पण सगळे छापणारे हा फरक पाळतातच असे नाही, म्हणून त्यावर फार भिस्त ठेवू नका.

जपण्याचेही दोन शब्द. फाटले म्हणून चिकटपट्टी लावू नका, चार वर्षांत ती पिवळी होऊन कागदच घेऊन निघते. जुन्या कागदाला लॅमिनेशन तर मुळीच करू नका, एकदा केले की काढता येत नाही. पाने दुमडू नका. सुती कापडात गुंडाळा, जमिनीपासून उंच ठेवा, भिंतीला टेकवू नका. आपल्याकडचा पावसाळा तुम्हाला माहीत आहे, भिंती आठ-आठ दिवस ओल्या राहतात. पावसाळा संपला की सावलीत उघडून वारा द्या, उन्हात नको. कडुनिंबाची वाळलेली पाने ठेवा, ओली ठेवाल तर डाग पडतील. आणि आधी मोबाईलवर एकेका पानाचे स्वच्छ फोटो काढा. मग मूळ वस्तू हाताळायची गरज कमी पडते.

मावशींचे रजिस्टर आम्ही शोधायला गेलो होतो. रद्दीवाल्याने सांगितले, माल त्याच आठवड्यात ट्रकने गेला. आता गटांची जी रजिस्टरे उरली आहेत त्यांतले प्रत्येक गटाचे पहिले रजिस्टर आम्ही वेगळे काढले आहे. बाहेरून खाकी कागद, आत गटाचे नाव आणि सुरुवातीची तारीख. पाच गटांची मिळाली नाहीत.

मावशी मागच्या बैठकीला पेटी बघायला बसल्या होत्या. त्यांना वाचता येते ते सहीपुरते आणि थोडे पुढे. अकरा वस्तूंमधले एक मराठीचे वाचनपुस्तक त्यांनी हातात घेतले. पहिले पान नाही, शेवटचे नाही, मधल्या पानांवर टिंबेच टिंबे. आमच्यातल्या पोरीने मागचा पुठ्ठा उलटून दाखवला, तिथे कोपऱ्यात अर्धवट दिसते, किंमत ६२ न. पै. म्हणजे मावशी लहान होत्या तेव्हाचे, त्यांच्या वयाच्या पोरी शाळेत गेल्या असत्या तर हातात असते तेच. पुस्तकाच्या मधोमध समासात कोणा पोरीने शाईने आपले नाव दहा-बारा वेळा गिरवले आहे. पहिली दोन नावे वाकडी आहेत. मावशी त्या नावांवरून बोट फिरवत बराच वेळ बसल्या होत्या.